पाचव्या चाकाची वरात

पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थानं कोणत्या वस्तू घरी आणू नयेत याची आमच्या हिनं एक तोंडी यादी करून ठेवली आहे. त्या यादीत ट्रेडमिल, बासरी आणि बोन्साय यांच्याही वर जुनी जिप्सी आहे. जिप्सी म्हणजे तीच, मारुतीची, १९८५ साली बाजारात आलेली. लष्करापासून वनखात्यापर्यंत आणि पोलिसांपासून रॅलीवाल्यांपर्यंत सगळ्यांनी ती चिखलातून पळवली, आणि आता कंपनीनं बनवणंच बंद केल्यामुळं ती भलत्याच लोकांच्या डोळ्यांत भरते. मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला गणित शिकवतो. घर ते कॉलेज या माझ्या वाटेत नदी लागत नाही, वाळवंट लागत नाही, दरी लागत नाही. एक स्पीडब्रेकर लागतो, आणि तो लुनासुद्धा ओलांडते.

तरीही घेतली.

गाडी दारात आली त्या संध्याकाळी भाच्यानं तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, हनुवटीला हात लावला आणि म्हणाला, "मामा, टायर बारीक दिसतायत." आता भाचा एवढंसं बोलला म्हणून मामानं लगेच टायर बदलावेत असं कुठं लिहिलेलं नाही, पण मूळचे २०५/७० आर १५ गेले आणि २३५/७५ आर १५ आले. या आकड्यांनी तुमच्या काळजात काही हललं नसेल, तर तुम्ही सुखी आहात. अर्थ एवढाच की चाकाचा व्यास साधारण साडेसहा सेंटिमीटरनं वाढला, गाडी त्याच्या निम्म्यानं, म्हणजे सव्वातीन सेंटिमीटर उंच झाली, आणि काटा ६० दाखवतो तेव्हा मी प्रत्यक्षात ६५ च्या पुढं असतो. आमची ही चढताना पहिल्याच दिवशी साडीसकट अडकली आणि "सव्वातीन सेंटिमीटर ना?" असं विचारून गाडीत न बसता रिक्षानं गेली.

पण खरा घोळ पुढं नव्हता, मागं होता. जिप्सीची स्टेपनी मागच्या दारावर असते. कंपनीनं ते दार आणि त्याच्या बिजागऱ्या कंपनीच्या चाकाच्या हिशोबानं केलेल्या. त्यांना बोल लावायला जागाच नाही. त्या दारावर मी पंचवीस किलोच्या वरचं हे नवं धूड लटकवलं आणि पन्हाळ्याला गेलो. जाताना मागून एक बारीक 'टक्' यायचा. येताना तोच 'टक्' चांगला 'धडाम्' झाला होता. घरी येऊन बघतो तर दार बिजागरीतून अर्धं बोट खाली आलेलं, लॅच एकीकडं, खाच दुसरीकडं, आणि दार बंद करायचं तर आधी ते गुडघ्यानं वर उचलायचं, मग खांद्यानं रेटायचं आणि त्याच वेळी उजव्या हातानं हँडल ओढायचं. हे तिन्ही एकदम जमलं की दार लागायचं आणि कंबर धरायची.

भौतिकशास्त्राचे आमचे सहकारी स्टाफरूममध्ये फळ्यावर आकृती काढून म्हणाले, "सर, वजन गुणिले अंतर. चाक जाड झालं म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य दारापासून लांब गेला. खड्ड्यात गाडी आपटली की तेच वजन कितीतरी पटीनं बिजागरीवर येतं." मी मान डोलावली. हे मला कळत नव्हतं असं नाही. मला ते फळ्यावर कळतं.

यावर उपाय भाच्याकडं तयारच होता. (टायर सुचवणाऱ्यांकडं पुढच्या खर्चाची माहिती नेहमी तयार असते.) "मामा, कॅरियर करून घे. फिरता." म्हणजे काय, तर स्टेपनीचा भार दारावरून काढायचा आणि मागच्या भक्कम बंपरवर टाकायचा, बंपर थेट चासीला बोल्टनं आवळायचा, बंपरच्या एका टोकाला उभा खुंट, त्यावर बेअरिंगवर फिरणारा आडवा दांडा, दांड्यावर चाक आणि पलीकडच्या टोकाला तो दांडा घट्ट धरून ठेवणारा लॅच. दार उघडायचं असलं की आधी दांडा फिरवून बाजूला करायचा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपच्या पाठीवर एका अंगाला चाक आणि दुसऱ्या अंगाला तेलाचा डबा टांगलेला असायचा, पुढं आपल्याकडच्या महिंद्रांच्या जुन्या जीपवर तेच चाक बगलेला आलं. त्या लोकांनी ते पत्र्याला बोल्ट मारून विषय संपवला, कारण त्यांच्या जीपला मागं मोठं दारच नव्हतं. मला दार होतं. शिवाय मला वाटलं, आपण गणिताचे माणूस. याचं ड्रॉइंग आपण स्वतः काढावं.

इथून पुढं जे झालं त्याला तो आलेख-कागद जबाबदार आहे.

चाक कॅरियरच्या पाटावर बसवायचं तर पाटावर पाच स्टड लागतात, आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास अचूक लागतो. चार किंवा सहा स्टडचं चाक असतं तर समोरासमोरच्या भोकांवर टेप लावून काम झालं असतं. पाचाच्या बाबतीत कुठल्याच भोकासमोर भोक येत नाही. सामान्य माणूस इथं थांबतो. माझा चेहरा उजळला. पंचकोन! शेजारच्या दोन भोकांतलं अंतर मोजायचं आणि त्याला ३६ अंशांच्या साइननं भागायचं. मी चाकासमोर वर्तमानपत्र पसरून मांडी घातली, टेप लावला, ६८ मिलिमीटर मोजले, साइन ३६ ची किंमत चार दशांश स्थळांपर्यंत घेतली आणि उत्तर काढलं: ११५.७. त्याच्याखाली दुहेरी रेघ मारली. वहीत दुहेरी रेघ मारलेलं माझं उत्तर आजवर चुकलेलं नाही.

उद्यमनगरातल्या ज्या शेडमध्ये मी ते ड्रॉइंग घेऊन गेलो तिथले मिस्त्री मितभाषी होते. त्यांनी कागद उभा धरला, आडवा धरला, "सर, हे लई भारी काढलंय" असं म्हणाले आणि कागदावर चहाचा ग्लास ठेवला. पण काम त्यांनी सांगितल्याबरहुकूम केलं. आठवड्याच्या शेवटी मी गेलो तर पाट तयार होता, पाचही स्टड ताठ उभे होते, आणि चाक त्यावर बसायला अजिबात तयार नव्हतं. दोन पोरांनी उचललं, फिरवलं, परत उचललं, थोडं ठोकलंही. मी हातात वही घेऊन "साइन बरोबर आहे, साइन बरोबर आहे" एवढंच म्हणत होतो. साइन बरोबरच होता. टेप मात्र मी एका भोकाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या आतल्या कडेपर्यंत लावला होता; दोन्हीकडचं अर्धं-अर्धं भोक हिशोबातून गळालं होतं. जिप्सीचं खरं माप १३९.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेपाच इंच. तेच माप जुन्या जीपचं, तेच कित्येक महिंद्रा गाड्यांचं. गल्लीतल्या कुठल्याही टायरवाल्याला ते झोपेत पाठ असतं.

मिस्त्रींनी बिडी विझवली. "सर, एक इचारू? चाक तर गाडीतच हुतं न्हवं?"

"होय."

"मग ते पाटावर पालथं घालून भोकातनं खुणा केल्या असत्या की."

आणि त्यांनी तेच केलं. चाक कोऱ्या पाटावर आडवं टाकलं, पाची भोकांतून खडू फिरवला, चाक उचललं. पाच पांढरी वर्तुळं. चार दशांश स्थळांचा सगळा संसार तिथं खडूच्या भुकटीत पडला होता.

एवढ्यावर मी घरी जायला हवं होतं. पण त्या दिवशी खुंट बसणार होता, आणि खुंट ही या सगळ्या कामातली मुख्य चीज. एका बाजूला निमुळती होत जाणारी दोन रोलर बेअरिंग, एक वर एक खाली, मध्ये भरपूर ग्रीस, वरून नट आणि त्यात आडवी पिन. चाकाच्या हबमध्ये असते तीच सगळी मांडणी, फक्त इथं ती उभी. लेथवरून आलेला तो खुंट इतका देखणा होता की मी तो हातात घेऊन नुसता फिरवत बसलो. मिस्त्री चहाला गेले. जाताना पोराला म्हणाले, "खुंट उभा लाव आन् टॅक मारून ठेव. सरास्नी लेव्हल धराय सांग."

मला जबाबदारी मिळाली.

मी स्पिरिट लेव्हल खुंटाला लावली. बुडबुडा मधोमध येईपर्यंत पोराला "जरा आत, जरा बाहेर, बास्स" असं करत राहिलो, आणि त्यानं टॅक मारताना बुडबुडा हलतोय का ते बघण्यासाठी डोळे त्यावरच रोखून धरले. चष्मा होता, पण तो वाचायचा. त्या रात्री दोनच्या सुमाराला डोळ्यांत कुणीतरी मूठभर वाळू भरल्यागत वाटायला लागलं. "वेल्डिंग लागलं," ही अंधारात म्हणाली, उठली, आणि स्वयंपाकघरातून काकडीच्या चकत्या कापल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी मी काळा चष्मा घालून वर्गात त्रिकोणमिती घेतली. पोरं इतकी शांत मी कधी पाहिली नव्हती; नंतर कळलं, त्यांना वाटलं सरांच्या घरी काहीतरी झालंय.

पण हेही परवडलं असतं. कॅरियर पूर्ण झाला, रेड ऑक्साइड मारून वरून काळा रंग झाला, गाडी शेडबाहेर सपाट रस्त्यावर आली, मी मोठ्या ऐटीत लॅच उघडला, आणि हात न लावता तो दांडा चाकासकट हळूहळू, नाटकाचा पडदा उघडावा इतक्या संथपणे, आपोआप पूर्ण बाहेर गेला. बंद केला, परत गेला. मिस्त्रींनी एकदा दांड्याकडं बघितलं, एकदा शेडच्या जमिनीकडं, आणि मग सावकाश माझ्याकडं. शेडची फरशी पाणी वाहून जावं म्हणून दाराकडं उतरती होती. गाडी त्या उतारावर उभी असताना मी खुंट पृथ्वीला अगदी अचूक लंब लावला होता. गाडीला नव्हता.

"काटकोन गाडीशी बघायचा असतोय सर," मिस्त्री म्हणाले. "जमिनीशी न्हाई."

ग्राइंडर लागला, ठिणग्या उडाल्या, खुंट कापून परत बसला. या वेळी मला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं आणि हातात पेपर दिला होता. शेवटी बिल आलं. चॅनेल, पाईप, बेअरिंग, लेथ, मजुरी, रंग, सगळं नीट ओळीनं लिहिलेलं, आणि सगळ्यात खाली: 'सरांची मदत: ८०० रु.' मी घासाघीस केली नाही.

आता गाडी मागून कशी दिसायची, तर लग्नातून आहेराचं बोचकं पाठीवर टाकून निघालेल्या मामासारखी. मागची लांबी चांगली फूटभर वाढली. गाडी लांबली, माझी अटकळ लांबली नाही. सोसायटीत रिव्हर्स घेताना पूर्वी मी जिथं ब्रेक दाबत असे तिथंच दाबत राहिलो, आणि पिंपातली सार्वजनिक तुळस आधी कलली, मग आडवी झाली. सोसायटीच्या सभेत 'इतर विषय' या सदराखाली माझ्यावर चर्चा झाली. मी अध्यक्ष होतो.

नंबरप्लेटचं निराळंच. चाक मध्यभागी आल्यावर प्लेट त्याच्यामागं अर्धी झाकली गेली, आणि चौकातल्या हवालदारांनी अतिशय सौजन्यानं विचारलं की उरलेला नंबर मी पोस्टानं पाठवणार आहे का. प्लेट हलवायची म्हटलं, तर या नव्या हाय सिक्युरिटी पाट्यांचे स्नॅप लॉक एकदा बसले की तोडल्याशिवाय निघत नाहीत. शेवटी पाटी न काढता तिच्यामागची पट्टीच बोल्टसकट बाजूला सरकवली, दिव्याची वायर लांबवली, आणि प्लेट पूर्ण दिसायला लागली. चाकानं टेललॅम्पचीही एक कड झाकली होती. मग चाक वर घ्यावं लागलं. चाक वर घेतल्यावर मागच्या काचेतून रस्ता दिसेना. आरशात नुसतं रबर.

हिची तक्रार साधी होती. पूर्वी मागचं दार एका हातानं उघडायचं. आता आधी कुलूप, मग लॅच, मग दांडा फिरवा, दांडा मागं येऊ नये म्हणून खीळ घाला, मग दार. आणि बंद करताना हेच सगळं उलट. लक्ष्मीपुरीत भाजीच्या दोन पिशव्या हातात घेऊन ती उभी, मी लॅचशी झटतोय, मागं टेम्पो हॉर्न वाजवतोय, दांडा फिरायला जागा हवी म्हणून केळीवाला आपली गाडी मागं घेतोय. शेवटी ती पिशव्या मांडीवर घेऊन पुढं बसली. मी मात्र उरलेला बाजार होईपर्यंत लोकांना दांडा फिरवून दाखवत होतो.

आणि मग गगनबावडा. ऐन जुलै. गगनबावड्याचा पाऊस ज्यानं पाहिला नाही त्याला तो सांगून उपयोग नाही. तिथं पाऊस पडत नाही, मुक्कामाला असतो. करूळ घाट चढून परत येताना गाडी डावीकडं ओढायला लागली. पंक्चर! मी इतका आनंदलो की हिला शंका आली. म्हणजे ज्या दिवसासाठी हा सगळा खटाटोप, तो दिवस उगवला होता. "बसा तुम्ही," मी म्हणालो आणि पावसात उतरलो.

लॅचला लावलेलं कुलूप गंजून गच्च झालं होतं. किल्ली आत जाईना. जॅक आणि टॉमी दाराच्या आत, दार दांड्याच्या आत, दांडा कुलपाच्या आत. बरोबर आलेला भाचा म्हणाला, "मामा, पुढून आत जा." तर मी पुढच्या सीटवरून मागं जायला निघालो. जिप्सीच्या दोन सीटांमधली जागा ही पंचविशीतल्या जवानाच्या हिशोबानं ठेवलेली आहे. माझं डोकं आणि एक हात मागं गेला, उरलेला मी पुढं राहिलो, आणि छत्रीचा दांडा नेमका बरगडीत. त्या अवस्थेत मी टॉमी चाचपत होतो तेव्हा बाहेर एक दुधाचा टेम्पो थांबल्याचं ऐकू आलं, मग हिचा आवाज, मग त्या टेम्पोवाल्याचा.

"चाक कशाला काढताय? ट्यूबलेस हाय न्हवं?"

त्यानं टेम्पोतून एक छोटा डबा आणला. गाडी थोडी पुढं घ्यायला लावली (भाच्यानं घेतली, मी आतच आडवा होतो), खिळा वर आल्यावर पकडीनं उपसला, टोच्यानं भोक मोकळं केलं, चिकट पट्टी दाबून घातली, वरचं टोक कापलं आणि हवा भरली. चाक गाडीवरच होतं. मी बाहेर आलो तोवर तो ओल्या हातानं शंभराची नोट घडी करून खिशात घालत होता. जाताना त्यानं माझ्या कॅरियरकडं कौतुकानं बघितलं. "भारी केलाय," म्हणाला. "पण लागतोय कशाला?"

भाच्यानं घाटातच मोबाइल काढून मला वाचून दाखवलं की २०२० साली आपल्या सरकारनं नियमच बदललाय: ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं सामान गाडीत असेल, तर लहान प्रवासी गाड्यांना स्टेपनी ठेवण्याची सक्ती नाही. मी त्याला सांगितलं की माझ्या गाडीत दाब दाखवणारी यंत्रणा नाही. ही म्हणाली, "आहे की. गाडी डावीकडं ओढते."

पुढं आणखी एकानं मला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचायला दिलं. मालकानं गाडीत असा बदल करू नये की नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल, असा त्याचा आशय. आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यावर बोट ठेवलेलं आहे. तेव्हा टायर असो, बंपर असो, आधी आरटीओत विचारावं, मग ग्राइंडर लावावा, हा क्रम बरा. मी तो उलटा केला, परवा कागद घेऊन विचारायला गेलो, तर खिडकीतल्या बाईंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग बाहेर उभ्या गाडीकडं, आणि "हे तुम्ही स्वतः डिझाइन केलंत?" असं विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी एक फॉर्म दिला. फार मोठा होता.

दार मात्र आता छान लागतं, हे मान्य करायला पाहिजे. एका बोटानं लागतं. बिजागऱ्या बदलल्या, ओझं उतरलं, 'धडाम्' थांबला. ते चाक अजून रस्त्याला टेकलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

तुमच्यापैकी कुणाच्या दाराची बिजागरी बसली असेल आणि असा कॅरियर करायचं मनात असेल, तर खुशाल करा; पण मिस्त्रींकडं जाताना ड्रॉइंग नेऊ नका, चाक न्या. गाडी सपाट फरशीवर उभी करा. वेल्डिंगकडं पाठ करून बसा. कुलपाला दर पावसाळ्यात तेल घाला आणि जॅक पुढच्या सीटखाली ठेवा. आणि मी मदतीला येतो म्हणालो, तर कृपा करून, अगदी ओळख असली तरी, नको म्हणा.